पाणी न देणारी बाई

माया अहिरेला त्या घरात एकाच गोष्टीची भीती वाटे, आणि ती गोष्ट म्हणजे पाणी.

ठाण्याला वर्तकनगरात जुन्या इमारतींची एक वसाहत आहे. तिथे दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, आबांचं घर. आबा म्हणजे त्र्यंबक सकपाळ, औषधांच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. माणूस आवाजाने भरदार. नवरात्रात टेंभी नाक्याच्या गर्दीत घरचं कोणी चुकलं तर आबांच्या हाकेवरून वाट काढत परत यायचं. गणपती गेले आणि मागोमाग आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. कणगीतलं धान्य उंदरांनी न्यावं तसे शब्द गेले आणि तळाशी एकच दाणा उरला. "दे." पांघरूण हवं असलं तरी दे. कूस बदलायची असली तरी दे. पाणी हवं असलं तरी दे.

पाणी मात्र द्यायचं नव्हतं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, घशाची एक बाजू झोपलेली आहे, तोंडाने दिलेलं पोटात न जाता छातीत उतरेल. म्हणून आबांच्या नाकातून पोटापर्यंत एक बारीक नळी घातली होती. दूध, पातळ पेज, डाळीचं पाणी, कुटून विरघळवलेलं औषध, साधं पाणी, सगळं त्या नळीतून जाई. पोटाला पाणी पोचत होतं. जिभेला पोचत नव्हतं. तहान जाऊन बसली होती ती जिभेवर, आणि तिथून ती दिवसभर मायाकडे बघत राही.

कामाच्या पहिल्याच सकाळी मायाला पलंगाच्या उशाशी स्टुलावर स्टीलचा तांब्या दिसला, वर भांडं पालथं घातलेला. तिने तो उचलला आणि आत नेऊन ओट्यावर ठेवला.

आबांची सून योगिनी डबा भरत होती. ती म्हणाली, "राहू दे की मायाताई. दिवसभर तुम्हाला लागेल."

"मला लागलं तर इथे येऊन पिईन, वहिनी. त्यांच्या डोळ्यांसमोर नको."

योगिनीने मान डोलावली. हुशार बाई मिळाली, असं तिच्या तोंडावर दिसलं. माया हुशारीने बोललीच नव्हती. तांब्या जवळ असला तर आपला हात आपल्याला न विचारता तिकडे जाईल, याची तिला धास्ती होती.

ती धास्ती कुठून आली ते सांगायला हवं.

माया राहते कल्याण पूर्वेला, कोळसेवाडीत. नवरा चांगदेव अंबरनाथच्या एका कारखान्यात. मूळ गाव सिन्नरकडचं. सासू रखमाबाई कल्याणला आली ती लकवा घेऊनच आली, आणि सहा वर्षं पलंगावर होती. त्या सहा वर्षांत मायाने तिला लेकरासारखं न्हाऊमाखू घातलं. सासू वारल्यावर घर एकदम रिकामं झालं, हात रिकामे झाले. शेजारणीने सांगितलं, डोंबिवलीला आयाबायांचा ब्युरो आहे, पेशंट सांभाळायला बायका पाठवतात. माया गेली.

फडके रोडच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर एक खोली. खोलीत टेबल, एक पलंग आणि टेबलामागे शुभदाताई. या बाईंनी हयात सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काढलेली. चष्मा दोरीला बांधून गळ्यात, आवाज कात्रीसारखा.

"शिक्षण?"

"नववी. दहावीला बसले नाही."

"का?"

"लग्न झालं."

"म्हणजे वेगळ्या परीक्षेला बसलीस. आयाचा, नर्सिंगचा काही कोर्स?"

"नाही."

"आधी कोणाकडे काम केलंस?"

"कोणाकडे नाही. घरीच. सासूला लकवा होता, तिचं सगळं मीच केलं."

शुभदाताईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "वजनाला किती होती?"

मायाला प्रश्नच कळेना. "अंगाने भरलेली होती."

"तुझ्याहून जास्त?"

"माझ्यासारख्या दोन मावल्या असत्या तिच्यात."

"पाठीला जखमा झाल्या?"

"पहिल्या वर्षी एक झाली. परत होऊ दिली नाही."

"हात उगारायची?"

"उगारायची ना. डावा हात चालत होता."

"मग तू काय करायचीस?"

"उजव्या बाजूने जायचे."

शुभदाताई हसल्या. मग उठल्या, पलंगावर सरळ आडव्या झाल्या आणि अंग सैल सोडून म्हणाल्या, "मी लुळी. मला उठवून बसव."

मायाने पदर खोचला. बाईंचा गुडघा दुमडला, कुशीवर वळवलं, पाय पलंगाखाली सोडले, खांद्याखाली हात घातला आणि एका झोक्यात बसतं केलं. कुठे ओढलं नाही, कुठे आपटलं नाही.

"कोणी शिकवलं?"

"तिनेच. दुखलं की शिव्या द्यायची. शिव्या थांबल्या की समजायचं, बरोबर उचललं."

"पण लोक असं ऐकून घेत नाहीत गं. कोर्स विचारतात, पोलिसांचा दाखला विचारतात, आधी जिथे काम केलं त्यांचा फोन नंबर विचारतात. तुझ्या सासूचा नंबर काय देऊ मी?"

"ती वारली."

"तेच म्हणते मी." शुभदाताईंनी साडी सारखी केली. "दहावी बाहेरून दे, मग सरकारमान्य कोर्स करता येईल. तोवर इथे माझ्याकडे शीक. नळी, साखर तपासणं, ताप, बीपी. अनुभव आहे तुझ्यापाशी, पण तो एकाच माणसाचा आहे. एका माणसाचा अनुभव निम्मा धरते मी."

त्या दिवशी माया घरी परतली ती मान ताठ करून. सहा वर्षं जे नुसतं घरातलं काम होतं, त्याला आज कोणीतरी अनुभव म्हटलं होतं. निम्मा तर निम्मा.

शिकायला आणखी बायका होत्या. रबराचा एक पुतळा होता, त्याच्या नाकात नळी घालून दाखवत. हसतखेळत चाललं होतं. मग एका दुपारी शुभदाताईंनी भिंतीवर गळ्याचं चित्र लावलं. एकच तोंड आणि खाली दोन वाटा, एक पोटाकडे, एक छातीकडे.

"पेशंटला पाणी पिताना ठसका लागला. काय कराल?"

मुंब्र्याहून येणारी एक बाई म्हणाली, "टाळूवर थापटायचं आणि वर बघायला सांगायचं."

"आणि सांगायचं, कोणीतरी आठवण काढतंय," दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या. मायाही हसली.

शुभदाताई हसल्या नाहीत.

"लकव्याच्या माणसाला ठसका लागतो तेव्हा कोणी आठवण काढत नसतं. पाणी वाट चुकून छातीत चाललेलं असतं. आडवं निजवून पाजलं की हमखास. आज थोडं, उद्या थोडं. आवाज ओला होतो, घशात घुंगरं वाजल्यासारखा. संध्याकाळी अंग कोमट लागतं. मग छाती घरघरते, मग ताप. काहींना ठसकाही लागत नाही, ती तर जास्त वाईट. माणूस जातो आणि घरचे म्हणतात, वय झालं होतं."

मायाच्या तोंडावरचं हसू तिथेच सुकलं. खोलीतला पंखा फिरत होता, बायका माना डोलावत होत्या, आणि ती त्या चित्रातल्या दोन वाटांकडे बघत होती.

रखमाबाईचं पाण्याचं एक वेड होतं. लहानपणी गावात घागर घेऊन ती विहिरीच्या पायरीखाली उभी राहायची. वर चढायची मनाई. कोणाच्या तरी मनात येईल तेव्हा तो वरून पाणी ओतणार. उन्हात तास तास उभं राहून एखाद्या दिवशी रिकामी घागर घेऊन ती परत यायची. ते ती कधी विसरली नाही. कोळसेवाडीतल्या त्या दीड खोलीच्या दारात तिने माठ ठेवायला लावला होता. मीटर बघायला आलेला माणूस असो, कुरिअरवाला असो, भांडायला आलेली शेजारीण असो, आधी पाणी. पलंगावर पडल्यापडल्या ती ओरडायची, "अगं, पानी दिलं का त्याला? तोंड बघ त्याचं, सुकलंय."

मग तिने स्वतः पाणी मागितलं तर कोण नाही म्हणणार? दिवसातून दहा वेळा मागायची. माया तिला आडव्यानेच चमच्याने पाजायची. ठसका लागायचा. माया टाळूवर हात थापटायची आणि म्हणायची, "कोण आठवण काढतंय गं एवढी?" म्हातारी खोकता खोकता हसायची. शेवटच्या महिन्यात तिचा आवाज असा यायचा जसा कोणी घागर पाण्यात बुडवतंय. घरातल्यांना वाटलं कफ झाला. मग ताप आला. मग ती गेली.

त्या संध्याकाळी चांगदेव जेवायला बसला तेव्हा मायाने भाकरी वाढत विचारलं, "आत्याबाईंना शेवटी ताप कशाने आला असेल हो?"

चांगदेवने तोंडातला घास गिळला. "आता ते कशाला काढतेस? वय झालं होतं."

"तसं नाही. डॉक्टर काय म्हणाले होते?"

"फुप्फुसात पाणी झालं म्हणाले. म्हातारपणी होतंच." तो थांबला. त्याचे डोळे पाणावले. "पण तिची इच्छा राहिली नाही गं काही. जाताना माझ्या हातचं पाणी प्यायली. एवढं तरी झालं."

हे त्याला कधी सांगायचं नाही, हे मायाने तिथेच, तव्यावरची भाकरी उलटता उलटता ठरवलं. भाकरी करपली. चांगदेवने ती मुकाट्याने खाल्ली.

असा अनुभव गाठीला बांधून, शुभदाताईंच्या शब्दावर, माया वर्तकनगरला आली होती. लोक विचारत, अनुभव आहे का? ती म्हणे, आहे. आणि पुढे कोणी काही विचारायच्या आत कामाला लागे.

आबांच्या खोलीत तिचे दिवस कसे गेले ते तिलाच माहीत. जखमेवर बांधतात त्या जाळीदार कापडाचा बोळा पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, ती त्यांचे ओठ आणि जीभ पुसून काढी. एवढीच मुभा होती. आबा तो बोळा दातांत धरून ठेवत, त्यातला थेंब शोधत. ती हळूच सोडवून घेई. मग आबा म्हणत, "दे." ती म्हणे, "आबा, आत्ताच नळीतून दिलंय. पोट भरलंय." आबा म्हणत, "दे." स्वयंपाकघरात नळ सुटला की त्यांची मान तिकडे वळे. कुकरच्या शिट्टीने, गॅलरीत झाडांना पाणी घालण्याच्या आवाजाने, वरच्या मजल्यावरच्या अंघोळीने त्यांचा एक डोळा भरून येई. मायाने नळाला फडकं बांधलं, म्हणजे धार मुकी पडावी. ती स्वतः आत जाऊन, पाठ करून, आवाज न करता पाणी पिई, चोरासारखी.

घरातली माणसं चांगली होती. आबांचा मुलगा ऋतुराज संध्याकाळी बापाचे पाय चेपत बसे. योगिनी घरूनच ऑफिसचं काम करी. पण त्यांना वाटे, पाणी न देणं हा एक नियम आहे, जसा गोळ्यांच्या वेळेचा असतो. मायाला मात्र रोज सकाळी जिना चढताना वाटे, आज आपण हरणार. आज ते मागतील आणि आपला हात जाईल. आणि मग संध्याकाळी त्यांचं अंग कोमट लागेल. खोलीत शिरल्यावर ती आधी त्यांच्या कपाळाला हात लावी, मग चप्पल काढली की नाही ते आठवे.

दिवाळीच्या चार दिवस आधी गावाहून गुणाजी आले. गुणाजी म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, खेडजवळच्या गावात घर आणि आमराई सांभाळणारे. बातमी ऐकल्यापासून यायचं यायचं करत होते, भातकापणी उरकली तेव्हा निघाले. खांद्याला पिशवी, पिशवीत आमसुलं, पोहे, आणि फडक्यात गुंडाळलेली एक बाटली. योगिनीने त्यांना चहा दिला, मायाची ओळख करून दिली आणि म्हणाली, "काका, मी आबांची औषधं घेऊन पंधरा मिनिटांत येते. मायाताई आहेत."

दार लागलं. गुणाजी भावाच्या पलंगाशी बसले. "दादा, मी गुणा. ओळखलंस ना रे?" आबांचा डावा हात उठला, गुणाजींच्या मनगटावर पडला. दोघे म्हातारे बराच वेळ रडले. माया भिंतीशी उभी होती.

डोळे पुसून गुणाजींनी विचारलं, "बाई, तू कुठची?"

"कल्याणची. गाव सिन्नरकडे."

"आडनाव?"

"अहिरे."

"हं," गुणाजी म्हणाले. त्या 'हं'मध्ये काय होतं आणि काय नव्हतं ते माया जन्मापासून ओळखत होती. पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी पिशवीतून मूठभर पोहे काढून तिच्यासमोर धरले, "घे, घरचे आहेत." मग फडक्यातली बाटली सोडली. "दादा, बघ काय आणलंय. आपल्या विहिरीचं पाणी. सकाळी काढलंय, हाताने."

आबांनी बाटलीकडे पाहिलं. त्यांचं सगळं अंग, गेलेलं आणि राहिलेलं, त्या बाटलीकडे झुकलं. "दे," ते म्हणाले. "दे. दे."

गुणाजींनी स्टुलावरची वाटी ओढली, तीत पाणी ओतलं, चमचा घेतला.

"काका, तोंडाने द्यायचं नाही त्यांना," माया पुढे झाली. "डॉक्टरांनी मना केलंय. नळीतून देऊ, मी देते."

"नळीतून? नळीला काय चव लागते? गावचं पाणी आहे हे, बाई. आजारी माणसाला घरच्या विहिरीचं पाणी पाजतात आमच्यात. आमचा बा ह्याच पाण्यावर उठून बसला होता."

"छातीत जाईल ते."

"एक चमचा. एका चमच्याने काय होतंय?"

"काका, नका देऊ. वहिनींना येऊ द्या."

गुणाजींनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, नवल होतं. "तहानेलेला माणूस हात पसरून मागतोय आणि तुम्ही नाही म्हणताय. कुठे फेडाल हे?"

कुठे फेडाल हे. रखमाबाई त्या विहिरीवरच्या माणसांबद्दल बोलताना नेमकी हीच ओळ बोलायची. कुठे फेडतील? मायाने ती इतक्यांदा ऐकली होती, की आज ती स्वतःच्या अंगावर आली तेव्हा तिचे पाय जागीच राहिले. ती पायरीखाली नव्हती आता. ती वर उभी होती आणि खाली एक म्हातारा ओंजळ पसरून होता. चमचा उचललेला तिला दिसला, आबांचं तोंड उघडलेलं दिसलं, आणि तिने काही केलं नाही.

चमचा आत गेला.

आबांनी डोळे मिटले. त्यांच्या तोंडावर असं सुख पसरलं, की खोलीत दिवा लावल्यासारखं वाटलं. ठसका लागला नाही. खोकला आला नाही.

"बघ," गुणाजी हळूच म्हणाले. "झालं काही?" आणि त्यांनी दुसरा चमचा भरला.

"दे," आबा म्हणाले.

तो आवाज मायाच्या कानात शिरला. तो आवाज ओला होता. घागर पाण्यात बुडवताना येतो तसा, तळातून बुडबुडत. हा आवाज तिने घरी एक महिनाभर ऐकला होता आणि त्याला कफ म्हटलं होतं.

तिने हात घातला. गुणाजींच्या हाताला धक्का बसला, चमचा उडाला, वाटी कलंडली, गावच्या विहिरीचं पाणी चादरीवर सांडलं. ती आबांच्या पाठीमागे शिरली, त्यांना काखेतून उचलून सरळ बसवलं, हनुवटी छातीकडे केली आणि ओरडली, "आबा, खोका. जोराने खोका." आबा खोकेनात. त्यांना ते पाणी परत द्यायचं नव्हतं. ते डाव्या हाताने तिला ढकलत होते, तिच्या दंडाला नखं लागली. तिने सोडलं नाही. शेवटी एक खोकला आला, मग दुसरा, मग खोकल्याची उबळ. तोंड लाल झालं, डोळ्यांतून पाणी वाहिलं.

"मारते का काय ही त्याला," गुणाजी उभे राहिले. "बाजूला हो. आमच्या पाण्याला हात लावतेस, माणसाच्या तोंडचं काढतेस."

तेवढ्यात किल्ली फिरली. योगिनी दारात औषधांची पिशवी घेऊन उभी होती.

"सूनबाई, ही बाई आधी काढा," गुणाजी म्हणाले. "माझ्या भावाला पाण्यावाचून तळमळत ठेवते."

योगिनीने मायाकडे पाहिलं. मायाचा पदर भिजला होता, दंडावर ओरखडे होते. आता खरं बोललं तर काम जाईल, आणि न बोललं तर माणूस जाईल, एवढंच तिला दिसत होतं.

"एक चमचा आत गेलाय, वहिनी," ती म्हणाली. "मी इथेच उभी होते. मला अडवता आलं असतं, मी अडवलं नाही. दुसरा अडवला. डॉक्टरांना लगेच फोन करा, आवाज ओला झालाय."

योगिनीने पिशवी खाली ठेवली. फोन काढून गॅलरीत गेली. डॉक्टरांनी सांगितलं, बसवून ठेवा, ताप बघत राहा, चढला तर लगेच आणा.

त्यानंतरचे दिवस मायाने थर्मामीटरच्या पाऱ्यात काढले. पहिल्या संध्याकाळी काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने कपाळाला हात लावला आणि हात तसाच ठेवला. अंग कोमट होतं. तिने स्वतःचं कपाळ चाचपलं, परत आबांचं. मग योगिनीचा हात ओढून त्यांच्या मानेला लावला. "माझे हात भीतीने गार पडलेत, वहिनी. मला कळत नाही. तुम्ही सांगा." योगिनीने सांगितलं, "आहे. ताप आहे."

आबांना हॉस्पिटलात नेलं. छातीचा फोटो काढला. उजव्या बाजूला खाली डाग दिसला. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलंत म्हणून बरं. सलाईन, इंजेक्शनं सुरू झाली. गुणाजी व्हरांड्यात बाकावर बसून राहत. कोणी त्यांना बोल लावला नाही, त्यामुळे त्यांचं ओझं आणखी वाढलं. माया खोलीतून बाहेर आली की ते उठून उभे राहत. हा माणूस आपल्यासाठी उभा राहतोय, हे आधी तिच्या लक्षातच आलं नाही.

"उतरला?" ते विचारत.

"नाही अजून."

"एकच चमचा होता गं."

"हो."

"माझ्या हाताने."

मायाला सांगावंसं वाटलं, की काका, मी सहा वर्षं पाजलं. पण ती नुसती त्यांच्या बाजूला बाकावर टेकली. दोघांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

ताप उतरला. दिवाळी कधी आली, कधी गेली, त्या घरात कोणाला कळलं नाही. गुणाजी गावाला गेले. आबा घरी आले, पण त्यांनी मायाकडे बघणं सोडलं होतं. ती कुशीवर वळवायला गेली की ते अंग दगडासारखं करत. बोळा तोंडाशी नेला की ओठ मिटत. योगिनीच्या हातचा घेत, ऋतुराजच्या हातचा घेत. मायाच्या हातचा नाही. तिने त्यांच्या तोंडचं पाणी सांडलं होतं, एवढं त्यांच्या राहिलेल्या अर्ध्या मेंदूत पक्कं बसलं होतं. योगिनीने तिला काढलं नाही. एकदाच म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही गप्प बसला असतात तर मला कळलंही नसतं." आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

थंडी पडल्यावर नीला मॅडम येऊ लागल्या. बोलणं आणि गिळणं दोन्ही शिकवणाऱ्या, तिशीतल्या, शांत आवाजाच्या. त्या आबांच्या गळ्यावर बोटं ठेवून बघत, गालांना बर्फाचा खडा लावत, जिभेचा व्यायाम घेत. एका सकाळी त्या म्हणाल्या, "आज तोंडाने देऊन बघू."

मायाच्या हातातलं फडकं गळून पडलं.

मॅडमनी भांड्यात पाणी घेतलं, त्यात पावडर घालून ढवळलं. पाणी पातळ कढीसारखं दाट झालं. "हे हळू उतरतं, म्हणून वाट चुकत नाही. अर्धा चमचा. ताठ बसवा, हनुवटी खाली." मग त्यांनी चमचा मायापुढे धरला.

"मी नको," माया म्हणाली. "वहिनी देतील. माझ्या हातचं ते घेत नाहीत."

"उद्यापासून रोज कोण देणार?"

"मीच."

"मग आज माझ्या समोर तुम्हीच द्यायचं. चुकलात तर मी आहे. उद्या मी नसेन."

योगिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मायाने चमचा घेतला. आबांनी चमच्याकडे पाहिलं, मग मायाकडे. बऱ्याच दिवसांनी पाहिलं. त्या नजरेत माफी वगैरे काही नव्हती. तहान होती, आणि अजून थोडा राग. ओठ मिटलेलेच राहिले.

"आबा," ती म्हणाली, "मला पण भीती वाटतेय."

वेळ गेला. मग ओठ उघडले.

चमचा आत गेला आणि बाहेर आला. मायाची नजर त्यांच्या कंठाच्या गाठीवर खिळली. गाठ हलेना. तोंडात पाणी तसंच होतं, आबा ते जिभेवर घोळवत होते. मॅडमनी त्यांच्या गळ्याला बोट लावलं. "गिळा, आबा." गाठ वर गेली, तिथे थबकली, आणि खाली आली.

ठसका नाही. खोकला नाही. मायाने त्या गाठीवरची नजर काढली नाही, कारण त्या दिवशीही ठसका आला नव्हता.

"आता त्यांना बोलतं करा," मॅडम म्हणाल्या. "आवाज ऐका आणि मला सांगा."

"आबा, आ म्हणा," माया म्हणाली. तिने कान त्यांच्या तोंडाजवळ नेला, इतका जवळ की त्यांचा श्वास गालाला लागला. "मोठ्याने. जशी पूर्वी हाक मारायचात म्हणे, तशी."

आबांनी आ म्हटलं. आवाज खरखरीत होता, तुटका होता, जुन्या बिजागरीसारखा.

माया ऐकत राहिली. मॅडम वाट बघत होत्या.

"काय वाटतं?"

"कोरडा आहे," माया म्हणाली. आणि चमचा भांड्यात ठेवला, पुन्हा भरला नाही. "पण थोडं थांबू. अजून एकदा ऐकते."